छप्पर नसलेल्या हॉलातली कोजागरी

आमच्या गल्लीच्या हॉलवर स्लॅब पडायच्या आधी सलग सहा कोजागऱ्या आम्ही त्याच्या चार भिंतींच्या आत केल्या. वर उघडं आभाळ, खाली मुरूम, कडेला उरलेल्या विटांचा थर आणि मधोमध चुलीवर दुधाचं मोठं पातेलं. चंद्र माथ्यावर आला की कुणीतरी मुलांना उचलून पातेल्यात तो दाखवायचं. दुधाच्या सायीवर हलणारा तो चंद्र मी बघितलाय आणि माझ्या धाकट्या भावाला उचलून दाखवलाय.

मंडळाचा वार्षिक मेळावा कोजागरीलाच असायचा, अजूनही असतो. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली आमची गल्ली लहान, घरं दाटीची. लग्नाची बैठक असो, बारसं असो की दहावा, सगळं रस्त्यात मांडव घालून. पाऊस आला की धांदल. गल्लीच्या टोकाला एका आजींची पडकी जागा होती. मूलबाळ नव्हतं. एका कोजागरीला त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या माघारी भांडत बसशीला, त्यापरीस आत्ताच मंडळाला घ्या." बक्षीसपत्र करायचं तर मंडळ कागदावर असायला हवं. मग घटना लिहिली, धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली, जागेच्या मिळकत पत्रिकेवर मंडळाचं नाव चढलं. त्यातच दोन वर्षं गेली.

हॉल म्हणजे नेमका कसा, हे आमच्या आबांच्या डोक्यात पक्कं होतं. लहानपणी ते मला टाऊन हॉलच्या बागेत न्यायचे. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ती काळ्या दगडाची इमारत, उंच निमुळते मनोरे, झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळं. १९४९ पासून तिथं वस्तुसंग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही तिथंच आहे. मूर्ती बघून झाली की आबा मला बाहेर उभं करून भिंतीवर हात ठेवायला लावायचे. "हे संस्थानानं बांधलं. आपलं आपण बांधायचं." गल्लीतले सगळे मग आमच्या त्या अर्धवट भिंतींनाही टाऊन हॉलच म्हणायला लागले. "कुठं निघालास?" "टाऊन हॉलवर, विटांवर पाणी मारायला."

पैसे कसे उभे राहिले ते सांगायलाच हवं. वर्गणी होतीच. पावती पुस्तक घेऊन आम्ही पोरं दारोदार फिरायचो. एका वर्षी गणपतीत देखावा करायचा नाही असं ठरलं. तरुण पोरं दोन दिवस रुसली होती, मीही त्यांत होतो. पण ते पैसे हॉलच्या पायात गेले आणि पाया खणायला पहिली कुदळ रुसलेल्यांच्याच हातात दिली गेली. तेव्हाच आबा आणि दोन-तीन म्हातारी माणसं अडून बसली, जोतं रस्त्यापासून चार फूट वर हवं. पंचगंगा कुठवर येते ते त्यांनी बघितलेलं. खर्च वाढतोय म्हणून बरीच कुरबुर झाली, पण जोतं चार फूटच झालं.

खरी मजा गुळाच्या लिलावाची. कोल्हापूरचा गूळ म्हणजे शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेपासूनची ओळख. गल्लीतल्या एकाचं गाव नदीपलीकडं, तिथं त्यांचं गुऱ्हाळ. ते दरवर्षी तीस किलोचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, मंडळाला द्यायचे. पांढऱ्या फडक्यात बांधलेला तो रवा पाटावर ठेवायचा, हळदकुंकू लावायचं आणि बोली सुरू. जो घेईल त्यानं पैसे मोजायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "रवा पुन्हा मंडळाला!" की परत लिलाव. एका वर्षी एकच रवा नऊ वेळा विकला गेला. नवव्यांदा घेणाऱ्या हमालकाकांनी तो फोडायला लावला आणि प्रत्येक घरी एकेक खडा गेला. हॉलच्या दारंखिडक्यांच्या चौकटी त्या गुळाच्या आहेत.

लिलावाआधी जमाखर्च वाचला जायचा. आमचे खजिनदार काका निवृत्त शिक्षक. लाल कापडी बांधणीची वही, जाड भिंगाचा चष्मा. ते रकमा गोळा करून कधीच सांगायचे नाहीत. "खिळे, अडीच किलो. सुतळी. गवंड्याला चहा, सोळा कप." बायकांपासून पोरांपर्यंत सगळे कीर्तन ऐकावं तसे ऐकायचे. कुणाचं नाव चुकलं तर मागून आवाज यायचा आणि काका तिथंच थांबून दुरुस्त करायचे. त्या वाचनामुळं हिशोबावरून गल्लीत कधी भांडण झालं नाही. बाकी कशावरूनही झालं असेल.

भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि पैसे संपले. सहा वर्षं तशाच राहिल्या. सातव्या वर्षी, उन्हाळ्यात, स्लॅब टाकायचा दिवस ठरला. गवंड्यानं आदल्या रात्रीच बजावलं होतं, एकदा सुरू केलं की मधे थांबायचं नाही, जुन्या-नव्या मालाचा सांधा राहिला की तिथून गळणार. सकाळी सातला मिक्सर फिरायला लागला. रस्त्यापासून परांचीवरून वरपर्यंत माणसांची रांग, हातोहात घमेली. माझ्या पुढं दूधवाले मामा, मागं आमची थोरली वहिनी. पहिल्या तासात तळहाताला फोड आले. दुपारी जेवायलासुद्धा रांग सुटली नाही, बायकांनी भाकरी-पिठल्याचे घास जागेवर भरवले. आबांना उचलेना, तर ते रिकामी घमेली गोळा करून खाली देत होते. संध्याकाळी शेवटचं घमेलं त्यांच्याच हातून वर गेलं. रात्री मटण, तांबडा-पांढरा. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवलं आणि पुढचे एकवीस दिवस ते आटू नये म्हणून आम्हा पोरांच्या पाळ्या लागल्या.

त्या वर्षीची कोजागरी आली तेव्हा सगळे आत बसले. नवी फरशी, ट्यूबलाइट, पंखे. दूध उकळलं आणि मुलं पातेल्याभोवती जमली. चंद्र कुठाय? वर स्लॅब. काकांनी वही मिटली, म्हणाले, "उचला पातेलं, गच्चीवर चला." चौघांनी बांबूला बांधून ते वर नेलं. तेव्हापासून मेळावा गच्चीवरच होतो.

२००५ च्या महापुरात जोत्याच्या शेवटच्या पायरीवर पाणी थांबलं आणि खालच्या घरातली माणसं दहा दिवस हॉलमध्ये राहिली. आबा तेव्हा नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणी आत शिरलं, कपाटातली लाल वही भिजली. पूर ओसरल्यावर आम्ही तिचं एकेक पान गच्चीवर दोरीला लावून वाळवलं. शाई पसरलीय, तरी "चहा, सोळा कप" वाचता येतं.

आता जमाखर्च मी वाचतो. तसाच, एकेक बाब. शेजारी चार मजली इमारत झाल्यापासून चंद्र गच्चीवर उशिरा येतो, त्यामुळं वाचन आधी होतं, मग लिलाव, आणि रवा फुटेपर्यंत तो पातेल्यात आलेला असतो.