दादाचा एमआरआय नॉर्मल होता, तरीही

लग्न ठरण्याआधीच मी सांगून टाकलं होतं की दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार खचतं तर कधी फार उसळतं असा आजार, आणि मामालाही होता. होणाऱ्या नवऱ्याने एवढंच विचारलं, "आपल्या मुलांना होईल का?" हे जाणत्या माणसाकडूनच ऐकावं म्हणून आम्ही दादाची फाईल घेऊन नागपुरात धंतोलीत एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो.

मॅडमनी कोऱ्या कागदावर आमचं घराणं मांडलं. पुरुष चौकोन, बाई गोल, आजार असेल तर आतून काळं. दादा काळा, मामा काळा. आजीपाशी पेन थांबलं. मी आईला फोन लावला. "महिनोन् महिने खोलीतून बाहेर नाही यायची," आई म्हणाली, "अन् मग एकदम रातभर जागून साऱ्या गल्लीसाठी पुरणपोळ्या करायची." मॅडमनी तो गोल भरला नाही, आत फक्त प्रश्नचिन्ह काढलं. मला ते फार पटलं. गेलेल्या माणसावर फोनवरून निदान कसं चिकटवायचं?

मग मी एमआरआय पुढे केला. दादा पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा गाठ वगैरे दुसरं काही नाही ना, हे बघायला काढलेला. आई अजूनही म्हणते, "मेंदू तर नॉर्मल आहे न, मग गोळ्या काऊन?" मॅडमनी यावर बराच वेळ दिला. 2018 मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने साडेसहा हजार माणसांचे स्कॅन एकत्र तपासले. बायपोलर असलेल्यांत कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, कपाळामागे आणि कानशिलाच्या भागात सरासरीने पातळ निघाला, आणि लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्यांत तुलनेने जाड. पण फरक इतका बारीक की हजारोंच्या सरासरीतच कळतो, एकट्याच्या फिल्मवर नाही. 2019 मध्ये नातेवाइकांचेही स्कॅन पाहिले गेले. बायपोलर रुग्णांच्या आई-वडील, भावंडं, मुलांमध्ये कवटीच्या आतलं आकारमान सरासरीने किंचित जास्त होतं, स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार, असलेल्यांच्या नातेवाइकांत तसं नव्हतं. दोन्ही आजारांची बरीच जनुकं सामाईक, तरी मेंदूत खूण वेगळी! हे ऐकून मी माझ्याच डोक्याचा स्कॅन काढायचा विचार सोडला. त्यातून मला काहीच कळलं नसतं.

जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा 60 ते 80 टक्के किंवा त्याहून जास्त निघतो. नवरा दचकलाच. पण तो आकडा माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा किती ते सांगतो, मुलाला आजार होण्याची शक्यता नव्हे. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला होतो; आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर साधारण पाच ते दहा जणांना. आमची मुलं दादाची भाची-भाचे, म्हणजे आणखी एक पायरी दूर. 2021 च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 64 जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम इवलासा. म्हणून खात्रीने सांगणारी रक्ततपासणी नाही. झोपेवर लक्ष ठेवा, ती बिघडली की लवकर या, असं मॅडमनी माझ्यासाठीही सांगितलं.

दादासाठीची सूचना मात्र खास नागपूरची. मे महिन्यात घामाने पाणी-मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ तोडायचं नाही, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. उलट्या, हातांना जास्त कापरं, चालताना झोक जाणं दिसलं तर थेट दवाखाना. आईने हे सगळं फ्रिजच्या दारावर लावलंय आणि रक्तातली लिथियमची पातळी तपासायची तारीख ती स्वतः सांभाळते.