फुलसम जेवण

देवबागला आमच्या घरगुती खानावळीची पाटी मीच लिहून दिली होती, पेंटरचे पैसेही मीच भरले. 'फुलसम मालवणी मील्स'. फुल म्हणजे भरपूर, तेव्हा फुलसम म्हणजे भरपेट, असा माझा हिशोब. दिवाळीत आलेल्या एका निवृत्त प्राध्यापक काकांनी सोलकढी पिता पिता हळूच सांगितलं, ''अरे, फुलसम म्हणजे नकोसं होईल इतकं. तोंडदेखली, ओशट स्तुती असते ना, तिला फुलसम प्रेझ म्हणतात.'' सुरमईचा काटा घशात अडकावा तसं झालं.

तेव्हा बँकेच्या परीक्षेसाठी मी क्लासची इंग्रजी शब्दांची यादी ए पासून घोकत होतो. अबेट म्हणजे ओसरणे, आणि पुढचा अबेटही आहेच, गुन्ह्याला फूस देणे! स्पेलिंग वेगळं, पण माझ्या डोक्यात दोन्ही एकच. बी येईपर्यंत ए साफ.

काकांनीच खोक्याची युक्ती सांगितली. हेर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सर्वांत जास्त सुरुवातीलाच विसरतं. पुढे सेबास्टियान लाइटनरने 1972 मध्ये चिठ्ठ्यांचं खोकं सुचवलं: आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, म्हणजे जास्त दिवसांनी, चुकलेला पुन्हा पहिल्यात. माझं खोकं खाजाचं, चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या. सुट्टा शब्द लिहायचा नाही, सोबत्यासकट लिहायचा, हा नियम मात्र माझा, फुलसमने शिकवलेला. 'द विंड अबेटेड' लिहिलं त्या संध्याकाळी वारा खरोखरच पडला होता. तो शब्द परत कधी पहिल्या कप्प्यात आला नाही.

'स्प्रिंग टाइड'वर पुन्हा फसलो. वसंतातली भरती असं लिहून मोकळा! ती निघाली उधाण, दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी. स्प्रिंग म्हणजे इथे उसळणं. आणि अष्टमीच्या आसपासचा भांग म्हणजे 'नीप टाइड'. आमच्या अंगणासमोर रोज घडणाऱ्या गोष्टीची इंग्रजी नावं मला चोविसाव्या वर्षी कळावीत, याची अजून लाज वाटते.

दीड वर्षात नऊशेच्या आसपास चिठ्ठ्या शेवटच्या कप्प्यात गेल्या. घोकून हजारो होतात म्हणणाऱ्यांनी होऊ द्यावेत.

पाटी गणपतीआधी बदलली. 'हार्टी मालवणी मील्स'. हार्टी म्हणजे खरंच भरपेट. बाबा शिडी धरून उभे होते. म्हणाले, ''आता तरी बरोबर लिवलंस मां?''