काटा मधोमध

खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून, हातात बाटली घेऊन उभी असलेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. त्यामुळे गाडीच्या तापमानाचा काटा जितका खाली तितकं बरं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आमची जुनी गाडी सेकंडहँड घेतली तेव्हापासून तिचा काटा पाव भागाच्या वर कधी गेलाच नाही. मी कौतुकाने सांगत फिरायचो, पाचगणीपर्यंत काटा हलला नाही म्हणून.

डिसेंबरात कौतुक उतरलं. हीटर लावला तरी पायांवर गार वारा, आणि सोळाचं अ‍ॅव्हरेज तेरावर. शेवटी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्व्हचं, झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. कुणीतरी वॉल्व्ह काढून झाकण पुन्हा नीट बसवून दिलं होतं.

आमच्या मेकॅनिकला विचारलं तर तो हसला. "साहेब, आपल्याकडे काय बर्फ पडतोय? सगळेच काढतात." काढतात खरे. पण मग इंजिन नीट तापतच नाही, ऑइल जडच राहतं आणि पेट्रोल फुकट जातं. शिवाय काही इंजिनांत वॉल्व्ह नसला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्परच परततं, म्हणजे ऐन घाटात गाडी उलट जास्त तापते. घाटातल्या त्या बाटलीवाल्यांपैकी कितीजण या सल्ल्याचे लाभार्थी असतील, देव जाणे.

नवा वॉल्व्ह आणला. लिंबाएवढी वस्तू, कडेवर ८२ कोरलेलं, म्हणजे तितक्या अंशांना उघडणारा. स्प्रिंगच्या पोटात एक छोटी कुपी आणि कुपीत मेण. मेण वितळलं की फुगतं, फुगलं की दांडी ढकलतं, आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग तिला परत ओढून घेते. वायर नाही, वीज नाही.

बसवण्याआधी पारख करावी म्हणून पातेल्यात पाणी ठेवलं. वॉल्व्ह दोऱ्याने चमच्याला टांगला, कारण तळाला टेकला तर तळाचीच धग त्याला लागते. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. आई डोकावली. "माझ्या चहाच्या पातेल्यात काय शिजतंय?" म्हटलं, मेण. ती तिथेच थांबली. ऐंशीपर्यंत ढिम्म. ८३ ला कडेशी केसाएवढी फट दिसली. पंच्याण्णवला झडप चांगली आत गेली होती. पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं, त्यामुळे परीक्षा जेमतेम वेळेत आटोपली. गॅस बंद केला तशी झडप हळूहळू मिटली. "शहाणं आहे," आई म्हणाली. माझ्याबद्दल नव्हे.

बसवताना त्यावरची हलती पिन वरच्या बाजूला ठेवायची, हवा तिथूनच निसटते. खरी कटकट या हवेचीच. ती आत अडकली तर पाण्याची टाकी भरलेली दिसते आणि इंजिनाच्या डोक्याशी मात्र पाणीच नसतं. सोसायटीच्या उतारावर गाडी नाक वर करून लावली, गार इंजिनावरच रेडिएटरचं झाकण काढलं (गरमवर काढलं तर वाफ थेट तोंडावर येते), हीटर फुल्ल केला, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मा कूलंट कालवून ओतत गेलो. इंजिन सुरू करून वरचा पाइप मुठीत दाबायचा, सोडायचा. हिरव्या पाण्यातून गुडगुड करत बुडबुडे येतात, पातळी झपकन खाली जाते, पुन्हा ओता. पंधराएक मिनिटांनी दाबून पाहिलेला पाइप एकदम कढत लागला. वॉल्व्ह उघडला होता. थोड्या वेळाने पंखा घरघरला, आणि हीटरमधून तळव्यांवर गरम झोत आला.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पाहिलं तर पातळी आणखी बोटभर खाली गेलेली. भरली. काटा आता मधोमध उभा असतो, आणि जुन्या सवयीने सिग्नलला मला अजून धडकी भरते. पातेलं आईने परत घेतलं नाही.