डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा : माझा अनुभव

वेबसाइट तयार होऊन नऊ दिवस नुसती पडून होती. डिझाइन काकांना आवडलं होतं, त्यांच्या सूनबाईंनी फोटो पाठवले होते, ऑनलाइन पैसे घ्यायची सोय झाली होती. ते सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते डोमेनपाशी, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यापाशी. त्या नऊ दिवसांचा त्रास अजून मनातून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

काका म्हणजे माझे ग्राहक, देवगडकडचे हापूसचे बागायतदार. मी पुण्यात एकटीने काम करणारी डिझायनर. फेब्रुवारी संपत आला होता आणि मार्चच्या मध्यापासून त्यांच्या पेट्या निघणार होत्या. जुनी साइट चार वर्षांपूर्वी एका मुलाने करून दिली होती. पेट्यांवर, कार्डांवर, बिलबुकावर तोच डॉट कॉमचा पत्ता छापलेला, त्यामुळे नवं नाव घेऊन मोकळं होणं शक्य नव्हतं.

डोमेनचा लॉगिन मागितला तर काका म्हणाले, "माका त्यातला काय कळणा नाय. ता सगळा त्या पोराकडे आसा." शोधून पाहिलं तर मालकाचं नाव झाकलेलं, २०१८पासून खासगी व्यक्तींचे तपशील बहुतेक ठिकाणी दिसतच नाहीत. नोंदणी करणारी कंपनी आणि मुदत संपायची तारीख तेवढी दिसली. मुदत मार्चमध्येच संपत होती. पोटात गोळा आला.

त्या मुलाला दोन मेसेज केले, उत्तर नाही. तिसरा मेसेज मी रागाने लिहिला, पण पाठवला नाही, आणि ते फार बरं झालं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "ताई, माझे आठ हजार राहिलेत. तीनदा आठवण केली, मग सोडून दिलं." काकांना विचारलं तर ते म्हणाले, त्याने ऑर्डरचं पान केलंच नाही. त्याचं म्हणणं, त्या पानासाठी भाव आणि फोटो कधी मिळालेच नाहीत. दोघंही खरं बोलत होते. लिहून मात्र कुणीच काही ठेवलं नव्हतं.

मी दोघांना एका कॉलवर घेतलं आणि गप्प बसले. दहा मिनिटांत काका म्हणाले, "पोराचे पैसे ठेवून मला काय करायचंय?" संध्याकाळी त्यांनी यूपीआयने पैसे पाठवले. त्या मुलानेही रात्रीच डोमेनच्या नोंदीत मालक म्हणून काकांचं नाव आणि ईमेल घातला. मनापासून केलं त्याने, पण गाडी रुतली ती तिथेच.

सकाळी ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा पासवर्ड, घेऊन मी डोमेन माझ्या नेहमीच्या कंपनीकडे हलवायला गेले, तर नकार. डॉट कॉमसारख्या डोमेनवर मालकाची नोंद बदलली की साधारणपणे ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. काही कंपन्या बदल करतानाच या कुलपातून सूट घेण्याचा पर्याय देतात, पण तो आधी निवडावा लागतो. ६० दिवस म्हणजे आंब्याचा जवळजवळ सगळा हंगाम! दोन दिवस मी मदतकेंद्राच्या चॅटवर बसून होते. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तोच छापील मजकूर. काका रोज सकाळी फोन करायचे, "मॅडम, आज होईल ना?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. तो फोन नकोसा झाला होता.

तिसऱ्या दिवशी चॅटवर आलेल्या एका मुलीने विचारलं, "पण तुम्हाला हलवायचंय कशासाठी?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कुलूप असतं ते कंपनी बदलण्यावर. नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता टाकल्यावर कोणती साइट उघडायची ते ठरवणारी नोंद, बदलायला त्याची आडकाठी नाही. मुदतवाढही आहे त्याच कंपनीत करता येते. माझी बाकीची कामं दुसरीकडे होती म्हणून मी हट्टाने हलवायला निघाले होते. जुन्या मुलाने त्याच्या खात्यातून नेमसर्व्हर बदलले, एका वर्षाचे पैसे भरले आणि संध्याकाळी काकांच्या फोनवर नवी साइट उघडली. पूर्ण फरक पडायला ४८ तास लागू शकतात, आमचं सात तासांत झालं. त्या रात्री मी शांत झोपले. नंतर काकांचं खातं उघडून त्याच कंपनीत डोमेन तिकडे वळवलं.

आता पहिल्या भेटीतच मी विचारते : डोमेन कुणाच्या खात्यात आहे, मुदत कधी संपते, आणि आधीच्या माणसाचे पैसे राहिलेत का? शेवटचा प्रश्न विचारताना अवघड वाटतं, तरी विचारा. नवं डोमेन नेहमी ग्राहकाच्याच ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावरून घ्यायला लावा. स्वतःच्या खात्यात घेऊन देणं सोयीचं वाटतं, पण उद्या तुमचा नंबर बदलला की त्याचा धंदा अडतो.

कोटेशनमध्ये मजकूर आणि फोटो कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. आठ हजारांचा सगळा घोळ त्या एका ओळीअभावी झाला. पूर्ण पैसे मिळाल्यावर कामाचे हक्क ग्राहकाकडे जातील, हेही लिहून दोघांनी सही करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनेच हस्तांतरित होतात, तोंडी बोलणं तिथे चालत नाही.

हो, फोटो व्हॉट्सअॅपवर मागवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आंब्याचा रंगच उडतो. आणि डोमेनच्या ईमेलला रिकव्हरी नंबर घरातल्या जाणत्या माणसाचा द्या. आम्ही सूनबाईंचा दिला आहे.