व्हीईजीएफचा आकडा कसा वाचायचा

जठराच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) वाढलेलं दिसलं की घरचे धास्तावतात. त्याआधी एक विचारा: रक्त कोणत्या नळीत घेतलं होतं? रक्त गोठताना प्लेटलेट आपल्यात साठवलेलं व्हीईजीएफ बाहेर सोडतात. त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवातला) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठलेल्या रक्तातल्या द्रवापेक्षा) चढा येतो, आणि केमोने प्लेटलेट घटल्या की तोही उतरतो. मोजायचंच असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए किंवा सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन, वेळ न घालवता सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लेटलेट वेगळ्या काढाव्यात. एकदा सीरम, एकदा प्लाझ्मा अशा दोन रिपोर्टांची तुलना करून आजार वाढला म्हणणं साफ चूक आहे.

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. प्राणवायू कमी पडलेल्या पेशी व्हीईजीएफ-ए सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. व्हीईजीएफ-सी मुख्यतः लसिकावाहिन्या वाढवतं, म्हणून त्याचा संबंध आजार लिम्फ नोडपर्यंत (लसिकाग्रंथींपर्यंत) पसरण्याशी लावतात.

बायोप्सीत सीडी३४ने (रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या खुणेने) रंगवून सर्वांत दाट भागातल्या वाहिन्या मोजतात. पण जठराची गाठ सगळीकडे सारखी नसते. चिमूटभर तुकड्यात नेमका दाट भाग येईलच असं नाही. शिवाय ‘जास्त’ कशाला म्हणायचं, ती रेघ प्रत्येक अभ्यासात वेगळी. पुष्कळ अभ्यासांत वाढलेल्या व्हीईजीएफबरोबर आयुर्मान कमी दिसलं, हे खरं. तरीही एका रुग्णाचं भवितव्य सांगताना गाठ किती खोल गेली, किती नोड बाधित आहेत आणि आजार दूर पसरला आहे का, यावरच मी भर देईन.

औषध निवडायलाही हा आकडा उपयोगी पडत नाही. अॅव्हागास्ट चाचणीत केमोला बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफ रोखणारं औषध जोडूनही आयुर्मानातला फरक (मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा, १२.१ विरुद्ध १०.१ महिने) सिद्ध झाला नाही. रेनबो चाचणीत मात्र पहिल्या केमोनंतरही आजार वाढलेल्यांना पॅक्लिटॅक्सेल या केमोसोबत रॅम्युसिरुमॅब (व्हीईजीएफचा पेशीवरचा रिसेप्टर अडवणारं औषध) दिल्यावर मध्यक आयुर्मान ७.४चं ९.६ महिने झालं. हे औषध व्हीईजीएफ न मोजताच देतात: किलोमागे ८ मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. प्रत्येक डोसाआधी रक्तदाब बघावा, लघवीतलं प्रोटीन अधूनमधून तपासावं. २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर गेलं तर औषध कायमचं बंद. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर २८ दिवस आधी थांबवावं, कारण जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात.