स्कीइंगची वही, दिवस २१: सकाळी लादी, दुपारी किस

आजचा हिशेब आधी मांडते. सात फेऱ्या, चारदा आपटले, एक हातमोजा फाटला आणि भाड्याच्या स्कीच्या तळावर वीतभर ओरखडा. फेरी म्हणजे तरी काय, जेमतेम दीडशे मीटरची. वर जायला लिफ्ट नाही. दोन्ही स्की उताराला आडव्या धरून खेकड्यासारखं एकेक पाऊल वर सरकायचं. पंधरा मिनिटं चढ, अर्धा मिनिट उतार.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: २०२३ मध्ये गुलमर्गलाच चौदा दिवसांचा बेसिक कोर्स केला, २०२४ मध्ये पाच दिवस, आणि यंदाचा हा दुसरा दिवस. वय त्रेचाळीस. उरलेलं वर्षभर सराव म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या आणि भिंतीला पाठ टेकून हवेतली खुर्ची.

मला नडला तो गेल्या वर्षीचा अनुभव. जानेवारी २०२४ इथे ठणठणीत कोरडा गेला होता. गोंडोलाच्या, म्हणजे इथल्या रोपवेच्या, खाली तपकिरी कुरण, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. मग फेब्रुवारीत बर्फ पडला तो गुडघ्याच्या वर. म्हणून यंदा मी शहाणपणा केला. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सोडून दिले आणि फेब्रुवारी २०२५ चा तिसरा आठवडा धरला. तिकिटं ऑक्टोबरातच काढली. आणि यंदा फेब्रुवारीनेही टांग दिली. इथला बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी झंझावातांबरोबर, आणि ते या वेळी फिरकलेच नाहीत म्हणा ना. २२ तारखेपासून इथे होणारी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धासुद्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलली. स्पर्धा ढकलता येते, माझी रजा कोण ढकलणार?

हे रडगाणं मी श्रीनगरहून येताना टॅक्सीत सुरू केलं होतं. चालक शांतपणे म्हणाले, अचबलचा झरा आटलाय. मुघल बागेतला, बारमाही वाहणारा. डोंगरावर साठलेला बर्फच इथे उन्हाळ्यात झऱ्यांना आणि भाताला पुरतो. त्यानंतर गुलमर्गच्या पायथ्याचं टंगमर्ग गाव येईपर्यंत मी गप्प बसले.

तर आजचा दिवस. गुलमर्गचं मुख्य मैदान, जिथे नवशिके शिकतात, ते मुळात गोल्फ कोर्स आहे. एरवी हे आठवतही नाही. आज सगळीकडून गवत डोकं वर काढून होतं आणि स्लेजवाले फेरनच्या, म्हणजे लांब काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून उन्हात बसले होते. म्हणून गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीला गेलो, साधारण तीन हजार मीटरवर. तिथेही उघड्या उतारावर दगड दिसत होते. पण झाडांच्या सावलीत, उत्तरेकडे तोंड असलेल्या एका घळीत दुपदरी रस्त्याएवढा रुंद पट्टा शिल्लक होता. आमच्या चाचांना तो माहीत होता. (चाचा म्हणजे आमचे प्रशिक्षक, टंगमर्गचे. सगळे चाचाच म्हणतात, मीही.)

मराठीत आपल्याकडे एकच शब्द, बर्फ. गोळ्यातला तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. काश्मिरीत आभाळातल्याला ‘शीन’ म्हणतात. आज सकाळी नऊ वाजता जे पायाखाली होतं त्याला शीन म्हणणं म्हणजे थट्टा. मासळी बाजारात पोत्यात गुंडाळून येते ना, ती लादी. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, असं आठवडाभर चाललं की दाणे एकमेकांना चिकटून काच तयार होते. स्कीची काठी टोचली तर टक्‌ असा आवाज.

पहिल्याच वळणाला आडवी झाले. गेल्या वर्षी याच डोंगरावर मी दोन्ही स्की समांतर ठेवून वळत होते, व्हिडिओ आहे, इथे मिरवलाही होता! आज स्की वळल्या, पण वळून थांबल्या नाहीत, आडव्याच्या आडव्या खाली निघाल्या आणि मी त्यांच्यामागे कुल्ह्यावर. वीस-पंचवीस मीटर. हातमोजा तिथेच फाटला, कारण मी तळहाताने ब्रेक लावायला गेले. ते करू नका. पडल्यावर आधी पाय उताराच्या खालच्या बाजूला आणायचे, स्की आडव्या करायच्या आणि त्यांच्या धातूच्या कडांनी खरवडत थांबायचं. हे मला पाठ होतं, हाताला मात्र नव्हतं.

चाचा खाली आले, माझ्याकडे न बघता स्की उचलली आणि अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढलं. काहीच झालं नाही. मग स्वतःच्या स्कीवर ओढलं. नखाची पांढरी भुकटी कडेवर जमली. माझ्या कडा पार गोल झाल्या होत्या. दुकानात स्की घेताना मी लांबी बघितली, बूट बसतो का बघितलं, बाइंडिंगचा (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचा) आकडा बघितला, रंगसुद्धा बघितला. कडेवर नख ओढायला पाच सेकंद लागली असती. चाचांनी खिशातून दगड काढून जमेल तेवढी धार लावली, त्यांच्या भाषेत ‘कामचलाऊ’.

पण धार लावूनही दुसऱ्या फेरीला तेच झालं. तेव्हा कळलं की खोट कडेत होती तशी माझ्यातही होती. मी डोंगराकडे झुकते. उतार दिसला की अंग आपोआप वरच्या बाजूला कलतं, भीतीने. कललं की वजन वरच्या स्कीवर जातं, खालची हलकी होते आणि निसटते. मऊ बर्फात हे खपून जातं, कारण स्की आत रुतते आणि बर्फ स्वतःच तिच्याखाली पायरी करून देतो. गेल्या वर्षीची माझी ती सुंदर वळणं निम्मी बर्फाने काढली होती. लादीवर पायरी आपल्यालाच कोरावी लागते, खालच्या स्कीच्या आतल्या कडेने, आणि त्यासाठी सगळं वजन तिच्यावर हवं.

पुढच्या दोन फेऱ्या चाचांनी वळूच दिलं नाही. फक्त साइडस्लिप. आडवं उभं राहायचं, घोटे किंचित खालच्या बाजूला सैल सोडायचे की स्की सपाट होऊन घसरते, घोटे डोंगराकडे वळवले की कड लागते आणि थांबते. सोड, धर, सोड, धर. काठीचा हात दरीच्या बाजूला, पुढे, आणि छातीही दरीकडेच. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली. पहिले दहा मिनिटं पोटात गोळा आला होता. मग एकदा कड लागली तेव्हा खर्रर्र असा लांब, एकसारखा आवाज आला आणि मी जिथे ठरवलं होतं तिथे थांबले. बर्फावर सुरीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ उमटली होती. तिचा फोटो काढलाय, पण मलाच कळतं त्यात काय आहे ते.

चढताना चाचांनी सांगितलं की मोठ्या शर्यतींत ट्रॅकमध्ये मुद्दाम पाणी भरतात, असाच टणक व्हावा म्हणून. मऊ असेल तर पहिल्या काही खेळाडूंनंतर खड्डे पडतात आणि मागच्यांवर अन्याय होतो. स्कीपटू आरिफ खान याच टंगमर्गच्या बाजूचा, बीजिंगला २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, पंचेचाळिसावा आला. तिथला तर जवळजवळ सगळा बर्फ यंत्राने केलेला होता. हे सांगताना चाचांचा आवाज जरा बदलला.

पाचव्या फेरीत पहिली तीन वळणं नीट निघाली. सलग तीन. चौथ्याला परत डोंगराला मिठी.

एक वाजता ऊन घळीत शिरलं आणि तासाभरात लादीचा गोळेवाल्याचा किस झाला, फक्त कालाखट्टा नव्हता. आता कड लागायचा प्रश्नच संपला, नवीन प्रश्न असा की ओल्या किसात स्की मध्येच चिकटते. पाय थांबतात, डोकं पुढे जातं. तिसरी आपटी तिथली. तळाला मेणबत्ती घासली (साधी, घरातली, सॅकमध्ये कायम असते), त्याने दोन फेऱ्या निभावल्या. मग जिथे सकाळी पांढरं होतं तिथे किसाखालून दगड वर आला आणि पाट्याला टाकी लावताना येतो तसा आवाज झाला. तो वीतभर ओरखडा. आणि अर्थात चौथी आपटी. चाचा म्हणाले, बस. मीही हट्ट केला नाही. गुडघे थकलेले असताना दगडांत उतरायचं म्हणजे पुढचा हंगाम फिजिओथेरपीत.

दुकानदाराने ओरखड्याचे पाचशे घेतले. मला ते रास्त वाटले. बोथट कडांबद्दल मात्र मीही ऐकवलं, तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, पावडर में कौन पूछता है?’ पावडर म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ. त्याचंही खरं आहे, गेल्या वर्षी मी कुठे विचारलं होतं.

संध्याकाळी गुलमर्गच्या माथ्यावरच्या अफरवट डोंगरावर ढग उतरलेत. हॉटेलातले म्हणतात दोन दिवसांत पडेल, पण ते परवाही हेच म्हणत होते. आता मीठ टाकलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून हे लिहितेय. उद्या साडेआठला पुन्हा घळ, ऊन यायच्या आत. त्याआधी दुकानात जाऊन दुसरी जोडी, आणि या वेळी रांगेतली प्रत्येक नखावर ओढून बघणार आहे.