शंभर रुपयांची पावती

म्हशीची कास कोमट पाण्याने धुऊन, पहिल्या दोन-चार धारा वाटीत वेगळ्या काढून, मगच बादली खाली धरण्याची आईची पद्धत आम्ही वाळव्याच्या गोठ्यात आजही पाळतो. कोणा निरीक्षकाने ती शिकवलेली नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील २०११ च्या नियमांत छोट्या व्यावसायिकाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले गेले, तर जो उत्पादक नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद असून आपले सर्व दूध संस्थेलाच घालतो, त्याला नोंदणीतून सूट मिळाली. यातला ‘सर्व’ हा शब्द नीट वाचावा लागतो, कारण आम्ही रोज दोन लिटर चौकातल्या चहावाल्याला देतो आणि तेवढ्यानेच सूट हातची जाते.

शंभर रुपयांबद्दल माझी तक्रार नाही, खरा खर्च गोठ्यातल्या कोब्याचा, म्हणजे सिमेंटच्या जमिनीचा आहे. याच कायद्यातील ४० वे कलम मला अधिक न्याय्य वाटते: ग्राहक शुल्क भरून दुधाची तपासणी करून घेऊ शकतो, आणि नमुना सदोष निघाल्यास ते शुल्क त्याला परत मिळते. चहावाल्याला हे मीच सांगितले. तो नुसता हसला आणि किटली पुढे केली.